सुई आणि ऑपरेशन यांच्या मधे

म्हातारपणाचं एक दुखणं कसं हाताळायचं हे जालना जिल्ह्याला पक्कं कळलं आहे. ते म्हणजे मोतीबिंदू. भोकरदन किंवा जाफराबादच्या एखाद्या वाडीवरच्या आजीला दिसेनासं झालं तर पुढं काय करायचं, हे तिच्या शाळकरी नातवालाही माहीत असतं. गावात नाहीतर शेजारच्या गावात शिबिर लागतं, डोळे तपासले जातात, जालन्याच्या श्री गणपती नेत्रालयाची किंवा सिव्हिलची तारीख मिळते, आणि थोड्याच दिवसांत आजी काळा चष्मा लावून ओट्यावर बसलेली दिसते.

त्याच आजीच्या गुडघ्यांचं काय करायचं, हे मात्र कुणालाच धड सांगता येत नाही. सून निर्गुडीचं तेल गरम करून देते. शेजारीण कुठल्याशा बाजारातली पुडी सुचवते, ‘दोन दिवसांत फरक’ अशी खात्री देऊन. जावई आठवडी बाजाराच्या गावातल्या डॉक्टरकडं नेऊन सुई टोचून आणतो. पुण्यात नोकरीला असलेला मुलगा फोनवर म्हणतो, ‘आता बदलूनच टाकू गुडघे.’ पुडी आणि सुई एका टोकाला, ऑपरेशन दुसऱ्या टोकाला. मधे जवळपास काहीच नाही. सांधेदुखीवरचा खरा उपचार बहुतांशी या मधल्या भागातच घडत असतो, आणि जिल्ह्याच्या आरोग्यव्यवस्थेनं नेमका तोच भाग रिकामा सोडला आहे.

याचं खापर औषधांच्या तुटवड्यावर किंवा लोकांच्या अज्ञानावर फोडणं सोपं आहे, पण ते बरोबर नाही. अडचण वेगळीच आहे. सांध्यांच्या दुखण्याकडं आपण मोतीबिंदूच्या नजरेनं पाहतो: शिबिर घ्या, तपासा, ऑपरेशन करा, मोकळे व्हा. मोतीबिंदूला हे लागू पडतं, कारण तो एकच आजार आहे, त्यावर एकच उपाय आहे आणि तो एका दिवसात उरकतो. सांधेदुखी हा एक आजार नव्हे. शंभराहून अधिक आजारांचं ते समाईक लक्षण आहे. त्यांतल्या काहींचे उपचार एकमेकांच्या अगदी उलटे आहेत. एकाला जे तारतं ते दुसऱ्याला मारतं.

गावपातळीवर या दुखण्याचं मोजमाप महाराष्ट्रानंच देशाला करून दाखवलं आहे. १९९६ मध्ये पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणमध्ये घरोघर जाऊन पाहणी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाठबळानं विकसित झालेली ‘कॉपकॉर्ड’ ही पद्धत त्यासाठी वापरली गेली. ४,०९२ प्रौढांची विचारपूस झाली आणि त्यांतल्या १८.२ टक्के लोकांना सांधे, पाठ किंवा स्नायूंचं दुखणं असल्याचं आढळलं. म्हणजे दर पाच-सहा माणसांमागं एक. रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ज्याला पुष्कळजण आमवात म्हणतात, अर्ध्या टक्क्याच्या घरात निघाला.

अर्धा टक्का हा आकडा किरकोळ वाटतो. २०११ च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची लोकसंख्या १९,५९,०४६ होती. त्यातली प्रौढ माणसं ढोबळमानानं १२ लाख धरली आणि भिगवणचा दर लावून पाहिला, तर रुमॅटॉइडचे रुग्ण ६ हजारांच्या आसपास निघतात. एका गावाचा दर अख्ख्या जिल्ह्याला चिकटवणं शास्त्राला धरून नाही, हे खरंच. पण आकडा निम्मा धरला तरी प्रश्न उरतोच: ही हजारो माणसं आत्ता कुठल्या रजिस्टरमध्ये आहेत? मधुमेहाचं रजिस्टर आहे, रक्तदाबाचं आहे, क्षयरोगाचं तर आहेच. यांचं कुठंच नाही.

रुमॅटॉइड बहुतेक वेळा बाईला गाठतो. पुरुषांच्या दोन-तीन पट बायका, आणि तेही ऐन कामाच्या वयात, तिशी-चाळिशीत. तो सुरू कसा होतो ते जवळून पाहण्यासारखं आहे. सकाळी उठल्यावर बोटं वळत नाहीत. भाकरीचं पीठ मळताना मनगट साथ देत नाही, थापताना तळवा सपाट होत नाही. धुणं पिळता येत नाही. हंड्याचा काठ धरवत नाही. दोन्ही हातांच्या बोटांची मधली पेरं आणि मुळाशी असलेले सांधे सारखेच सुजलेले, दाबलं की कळ. मग ऊन वर येतं, हालचाल होते आणि अकराच्या सुमाराला हात मोकळे होतात. दुपारी तीच बाई चारचौघींबरोबर खुरपणीच्या पातीला दिसते. घरातल्यांच्या डोळ्यांना काय दिसतं? सकाळच्या कामाला हिचे हात दुखतात आणि दुपारी ठणठणीत. आजाराच्या आधी तिच्यावर कामचुकारपणाचा शिक्का बसतो.

वास्तविक हीच तर निदानाची खूण आहे. झिजलेला गुडघा दिवसभराच्या कामानं दुखत जातो आणि विसाव्यानं शांत होतो. त्याचं सकाळचं आखडलेपण पंधरा-वीस मिनिटांत सुटतं. रुमॅटॉइडमध्ये नेमकं उलटं. विसाव्यानं दुखणं वाढतं, सकाळचा ताठरपणा तासभर किंवा त्याहून जास्त टिकतो आणि हालचालीनं सैल होतो. हा फरक ओळखायला एमआरआय लागत नाही. ‘सकाळी उठल्यावर हात मोकळे व्हायला किती वेळ लागतो?’ एवढं विचारायला लागतं.

हे विचारायची घाई का? कारण या आजारात शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच सांध्याच्या अस्तरावर तुटून पडते. ते अस्तर सुजतं, फुगतं आणि शेजारचं हाड पोखरू लागतं. हे पोखरणं पहिल्या दोन वर्षांतच सुरू होतं, आणि एकदा वाकडी झालेली बोटं औषधानं सरळ होत नाहीत. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत औषध सुरू झालं तर आजार आटोक्यात येण्याची शक्यता सर्वांत जास्त. त्यातलं मुख्य औषध महागडंही नाही. मेथोट्रेक्सेट. आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेतल्या लेडर्ले प्रयोगशाळेत ज्या औषधांच्या कुळावर काम करत होते, त्याच कुळातलं हे औषध. आधी ते रक्ताच्या कर्करोगावर वापरलं गेलं. अगदी थोड्या मात्रेत रुमॅटॉइडवर वापरायला अमेरिकेच्या औषध प्रशासनानं १९८८ मध्ये मान्यता दिली. आज ते कुठल्याही तालुक्याच्या औषध दुकानात मिळतं.

फक्त एक अट आहे, आणि ती जीवघेणी ठरू शकते. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोजच्या गोळ्यांची सवय असलेल्या माणसानं ती चुकून रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी झपाट्यानं घटतात आणि जीव जाऊ शकतो. म्हणून जाणता डॉक्टर चिठ्ठीवर ‘आठवड्यातून एकदा’ एवढंच लिहून थांबत नाही, ठसठशीत अक्षरात ‘रविवार’ लिहितो, घरातल्या लिहित्या-वाचत्या माणसाला बोलावून समजावतो आणि फॉलिक ॲसिडची गोळी दुसऱ्या वाराला बांधून देतो. ठरावीक अंतरानं रक्ताची आणि यकृताची तपासणी करायची. मूल होऊ द्यायचं असेल तर आधी डॉक्टरला सांगून औषध थांबवायचं. दारू वर्ज्य. यात अवघड शास्त्र काहीच नाही, पण वर्षानुवर्षं कुणीतरी त्याच माणसावर नजर ठेवून असावं लागतं. शिबिरात एका सकाळी दीडशे माणसं तपासून जीप निघून गेली की हे होत नाही.

आता पुडीकडं. तिला शिव्या देण्याआधी तिचा इतिहास पाहायला हवा, कारण तो मोठ्या प्रयोगशाळेतून आलेला आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी रुमॅटॉइडनं खिळलेल्या एका तरुण बाईला नव्यानं तयार झालेलं कॉर्टिझोन हे स्टेरॉइड टोचलं. काही दिवसांत ती चालू लागली. जगाला वाटलं, संधिवात संपला. १९५० मध्ये हेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नोबेल मिळालं. पुढच्या काही वर्षांत त्याच औषधाची दुसरी बाजू उघड झाली: सुजलेला चेहरा, वाढलेली साखर, पोकळ झालेली हाडं, कुठलाही जंतुसंसर्ग सहज घर करील असं शरीर. डॉक्टरांनी हात आवरता घेतला. आज स्टेरॉइड वापरलं जातं ते बहुधा थोड्या मात्रेत, थोड्या काळासाठी, मुख्य औषधाचा गुण येईपर्यंतचा पूल म्हणून.

पुडी विकणाऱ्याला पुलाशी कर्तव्य नाही. ‘शुद्ध जडीबुटी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा पुड्यांत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड मिसळलेलं असल्याचं देशात वेळोवेळी झालेल्या तपासण्यांत आढळलं आहे. माणूस वर्ष-दोन वर्षं ती खातो, गाल गुबगुबीत होतात, घरचे म्हणतात ‘तब्येत सुधारली’. मग कुठल्याशा कारणानं पुडी एकदम बंद होते आणि माणूस चक्कर, उलट्या, खालावलेला रक्तदाब घेऊन इस्पितळात येतो. कारण इतक्या दिवसांत शरीरानं स्वतःचं स्टेरॉइड बनवणं सोडून दिलेलं असतं. दुसरा धोका खुब्याचा. स्टेरॉइडच्या अतिवापरानं मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि हाड मरतं. डॉक्टरांच्या बोलण्यात त्याला एव्हीएन म्हणतात. दारू हेही त्याचं मोठं कारण. २०२१ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी कोविडमध्ये स्टेरॉइड घेतल्यानंतर एव्हीएन झालेल्या, चाळिशीच्या आतल्या तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा हा शब्द वर्तमानपत्रांत पोचला. आणि तिसरा धोका क्षयरोगाचा. एकच गुडघा महिनोन्‌महिने सुजलेला, संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरतंय, असं असेल तर तो सांध्याचा क्षय असू शकतो. त्यात स्टेरॉइडची सुई म्हणजे आगीत तेल.

तरीही लोक सुई का घेतात? अडाणी म्हणून नव्हे. सोयाबीनची सोंगणी दोन-तीन आठवड्यांत उरकावी लागते. काम उक्त्यानं घेतलेलं असतं, आणि टोळीतली एक बाई बसली तर तिचा वाटा जातो. कापूस फुटला की वेचणी थांबत नाही. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठ्याकडून ऊसतोडीला जाणाऱ्या कोयत्याला तर फडावर आजारपणाची रजा ठाऊकच नाही. अशा बाईला डॉक्टरनं ‘तीन महिने धीर धरा, मग गुण येईल’ असं सांगायचं आणि सुईवाल्यानं ‘संध्याकाळपर्यंत चालायला लागाल’ असं. सुईवाला खोटं बोलत नाही, ती संध्याकाळी चालतेच. त्यामुळं सुईविरुद्ध भाषणं देऊन काही साधणार नाही. सुईइतक्याच जवळ, तितक्याच कमी वेळात आणि तितक्याच आपुलकीनं दुसरं काही मिळालं तरच ती सुटेल.

त्या दुसऱ्याचा पत्ता मात्र लांबचा आहे. संधिवाताचे विशेषज्ञ, म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, राज्यात आधीच थोडे आणि बहुतेक मुंबई-पुण्यासारख्या शहरांत. जालन्याहून ३० डिसेंबर २०२३ ला मुंबईसाठी वंदे भारत सुटू लागली, समृद्धी महामार्गही जिल्ह्यातूनच जातो. पण ज्या आजारात वर्षानुवर्षं पुन्हापुन्हा डॉक्टरला दाखवावं लागतं, त्यात जलद गाडीनं फारसं काही सुटत नाही. साधा माणूस छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात जातो. तिथं जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी रोग्याची आणि एक दिवसाची सोबत्याची.

झिजलेल्या गुडघ्याची गोष्ट वेगळी. संख्येनं तो सर्वांत मोठा. जागतिक आजारभाराच्या अभ्यासानुसार भारतात ऑस्टिओआर्थ्रायटिसचे, म्हणजे सांध्यांच्या झिजेचे, रुग्ण १९९० मध्ये सुमारे २.३५ कोटी होते, २०१९ मध्ये ते ६.२३ कोटींवर गेले. आयुर्मान वाढलं, वजन वाढलं, त्यामुळं हे होणारच होतं. पण आपल्याकडं झीज गुडघ्याची जास्त आणि खुब्याची कमी, हे पाश्चात्त्य देशांहून निराळं आहे. चीनमध्येही असंच दिसतं. बीजिंगमधल्या साठीपुढच्या स्त्रियांची तुलना अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या स्त्रियांशी केली, तेव्हा बीजिंगमध्ये गुडघ्याची झीज जास्त निघाली, आणि तरुणपणी दिवसाचे कित्येक तास उकिडवं बसण्यात घालवलेल्यांत ती अधिक आढळली. आपल्याकडच्या बाईचा दिवस असाच जातो. खुरपणी उकिडव्यानं, गोठा झाडणं उकिडव्यानं, भांडी उकिडव्यानं, चूल असेल तर स्वयंपाकही. शहरी आरोग्य-सदरांतला ‘वजन कमी करा’ हा पहिला सल्ला तिला फारसा लागू पडत नाही, कारण पुष्कळदा तिच्या अंगावर कमी करण्याजोगं काही नसतंच. जालना शहरातल्या दुकानदाराला किंवा निवृत्त शिक्षिकेला मात्र तो शंभर टक्के लागू आहे. अंगावरचं एक किलो उतरलं तर चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो.

‘गुडघ्यातलं ग्रीस संपलं’ हे वाक्य अस्थिरोगाच्या ओपीडीत रोज ऐकू येतं, आणि रुग्णापेक्षा डॉक्टरच्या तोंडून अधिक. ते ऐकायला सोपं आहे, पण त्यानं बरंच नुकसान केलं आहे. यंत्राचं ग्रीस संपलं तर माणूस यंत्र कमी चालवतो, नाहीतर ग्रीस भरतो. म्हणून गुडघा दुखला की लोक चालणं बंद करतात आणि ‘ग्रीसचं इंजेक्शन’ मागतात. सांध्यातल्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. हालचालीनं दाबली-सुटली जाताना तिला पोषण मिळतं. चालणं सोडलं की मांडीचा स्नायू वितळतो, गुडघ्याचा आधार जातो आणि दुखणं वाढतं. जगभरच्या मार्गदर्शक सूचनांत गुडघ्याच्या झिजेवर पहिला उपचार म्हणून व्यायाम लिहिलेला असतो. सोय म्हणून नव्हे, गोळ्यांइतका किंवा जास्त गुण येतो म्हणून.

हा व्यायाम म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघ्यानं ती जमिनीकडं दाबायची आणि मनात दहा म्हणेपर्यंत मांडीचा स्नायू आवळून धरायचा. मग सोडायचं. पुन्हा. दोन्ही पायांना, सकाळ-संध्याकाळ. पुढं खुर्चीवर बसून पाय सरळ करणं, मग हात न टेकता खुर्चीवरून उठणं. सहा-आठ आठवड्यांनी फरक कळू लागतो. पहिल्या आठवड्यात मात्र उलट थोडं जास्तच दुखतं, आणि तिथंच लोक सोडून देतात. त्या आठवड्यात ‘हे असंच होतं, चालू ठेवा’ म्हणणारं माणूस जवळ असावं लागतं. मधला रिकामा भाग तो हाच.

काही उपाय तर इतके साधे आहेत की कुणी ते औषध मानत नाही. दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात काठी. (बहुतेकजण ती दुखऱ्या बाजूला धरतात आणि मग काठीचा उपयोग नाही म्हणतात.) गोठ्यात बसायला स्टूल. आणि संडास. स्वच्छ भारतच्या काळात गावोगाव घरात संडास आले, चांगलंच झालं, पण ते जवळपास सगळे उकिडवं बसण्याचे. ज्या म्हातारीला उकिडवं बसता येत नाही ती काय करते? पाणी कमी पिते, जेवण कमी करते, बाहेर जाणं टाळते. मधे भोक असलेली प्लास्टिकची कमोड खुर्ची त्याच भांड्यावर ठेवली की प्रश्न मिटतो. ती तालुक्याला मिळते. पण कुठल्याही डॉक्टरच्या चिठ्ठीवर ती क्वचितच दिसते.

चिठ्ठीवर दिसतं ते भलतंच. स्वतःच्या रक्तातल्या प्लेटलेट्स काढून गुडघ्यात टोचण्याची पीआरपी ही पद्धत आता छोट्या शहरांतही पोचली आहे. ऑस्ट्रेलियात २८८ रुग्णांवर तिची चाचणी झाली, निम्म्यांना पीआरपी, निम्म्यांना निव्वळ मिठाचं पाणी. २०२१ मध्ये निकाल आला: वर्षभरानंतर दोन्ही गटांच्या दुखण्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. दुर्बिणीनं गुडघा ‘साफ’ करण्याचं तेच. अमेरिकेत ह्यूस्टनला १८० रुग्णांपैकी काहींना फक्त कातडीला छेद देऊन परत पाठवलं होतं, आणि २००२ मध्ये दिसलं की खरी शस्त्रक्रिया झालेले त्यांच्यापेक्षा सरस नव्हते. झिजेच्या गुडघ्यावर हे दोन्ही अजून विकलं जातं. टॉवेलच्या गुंडाळीत विकण्यासारखं काही नसतं, हे त्याचं एक कारण असावं.

आयुर्वेदाचा मुद्दा भक्ती किंवा टिंगल, दोन्ही बाजूला ठेवून पाहावा. भिगवणची पाहणी करणाऱ्या डॉ. चोप्रांच्याच गटानं केंद्र सरकारच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेच्या एका प्रकल्पात ४४० रुग्णांवर २४ आठवडे तुलना केली: एका बाजूला सुंठ, गुळवेल, आवळा यांसारख्या द्रव्यांच्या ठरावीक प्रमाणातल्या गोळ्या, दुसऱ्या बाजूला ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की गुडघ्याच्या झिजेत आयुर्वेदिक गोळ्या त्यांच्या तोडीच्या ठरल्या. त्याच अहवालात हेही नोंदलं आहे की त्या घेणाऱ्या काहींची यकृताची तपासणी मधल्या काळात बिघडली आणि पुढं सावरली. म्हणजे गुण आहे, आणि गुण आहे म्हणूनच देखरेखही हवी. ओळखीच्या वैद्यानं नाव-मात्रा लिहून दिलेलं औषध आणि बिनालेबलची पुडी यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

ऑपरेशन वाईट नाही, उलट योग्य वेळी योग्य माणसाला ते वरदान आहे. सांधेबदल देशात घरोघर पोचला तो अटलबिहारी वाजपेयींमुळं. ऑक्टोबर २००० मध्ये डावा आणि जून २००१ मध्ये उजवा, असे त्यांचे दोन्ही गुडघे मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलले. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्रानं कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला लगाम घातला. सर्वाधिक वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा गुडघा सरासरी १,५८,३२४ रुपयांवरून ५४,७२० वर आला, कर वेगळा. एका आदेशात किंमत एवढी उतरू शकते, तर आधी ती कुणाच्या खिशात जात होती, हा प्रश्न तेव्हा फारसा कुणी लावून धरला नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबामागं वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. सांधेबदल तिच्यात येतो, पण योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात होईलच असं नाही. दाखल होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला विचारून घेतलेलं बरं.

बदललेला गुडघा टिकतोही. परदेशांतल्या नोंदींवरून २०१९ मध्ये मांडलेल्या हिशोबात १०० पैकी ८२ गुडघे २५ वर्षं टिकलेले दिसले. मात्र ऑपरेशननंतरही पाचातल्या एकाचं दुखणं पुरतं जात नाही. कोण असतो हा पाचवा? पुष्कळदा ज्याचं ऑपरेशन गरजेआधी झालं तो, किंवा ज्याला नंतर व्यायाम करून घेणारं कुणी मिळालं नाही तो. गुडघा वाकवण्या-सरळ करण्याची मेहनत ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसापासून पुढं सहा आठवडे तरी घ्यावी लागते. मंठ्याच्या तांड्यावर परतलेल्या माणसाकडून ती कोण घेणार? मधली पायरी नसली की वरची पायरीही डगमगते. शिवाय शेतकऱ्याला हे आधीच स्पष्ट सांगायला हवं की नव्या गुडघ्यानं चालता येईल, बांधावर जाता येईल, पण उकिडवं बसून खुरपता येणार नाही.

मग करायचं काय? सरकारचा असंसर्गजन्य आजारांचा कार्यक्रम मधुमेह, रक्तदाब, कर्करोगाभोवती उभा आहे. त्यात सांध्यांना जागा नाही. २०१०-११ पासून वयोवृद्धांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम आहे, त्यात जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपीची तरतूदही आहे. पण पस्तिशीतली रुमॅटॉइडची बाई वयोवृद्ध नाही. ती दोन्ही चाळण्यांतून गळते. उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी असतो, तो तिशीपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर पाहतो. त्याच्या फॉर्ममध्ये दोन-तीन प्रश्न वाढवायचे: सकाळी हात मोकळे व्हायला तासभर लागतो का? दोन्ही हातांची पेरं सुजतात का? एकच सांधा सुजून ताप येतो का? हो म्हणणाऱ्याला ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेवरून तज्ज्ञाला दाखवता येतं. आणि ९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यात ज्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं त्यांत जालनाही आहे. महाविद्यालय आहे म्हणजे मेडिसिनचे, अस्थिरोगाचे प्राध्यापक असणार. आठवड्यातला एक ठरलेला वार फक्त सांध्यांसाठी, तिथंच रक्ततपासणी, तिथंच महिन्याचं औषध, आणि शेजारच्या खोलीत फिजिओथेरपिस्ट. याला नवी इमारत लागत नाही. विद्यार्थ्यांनी भिगवणसारखी एखाद्या तालुक्याची पाहणी केली, तर जालन्याचा स्वतःचा आकडाही हाती येईल.

त्या पाहणीत चिकुनगुन्याचा प्रश्न जरूर असावा. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत त्याची मोठी साथ येऊन गेली, मग तीसेक वर्षं तो जवळपास गायब होता. २००६ मध्ये देशभर सुमारे १३.९ लाख संशयित रुग्ण निघाले आणि महाराष्ट्राला त्याचा चांगलाच फटका बसला. बहुतेकांचे सांधे काही आठवड्यांत सुटतात, काहींचे महिनोन्‌महिने धरलेलेच राहतात, आणि त्यांतल्या कुणात खरोखरीचा रुमॅटॉइड सुरू झाला आहे हे तपासल्याशिवाय कळत नाही. साथीनंतरचे महिने हे पुडीवाल्यांच्या सुगीचे असतात.

एक उपाय आरोग्य खात्याच्या हातात नाहीच, तो शेती खात्याच्या हातात आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात शेतकरी बायकांचे कष्ट कमी करणाऱ्या अवजारांवर बरंच काम झालं आहे. जालन्यात खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र आहे. उभ्यानं चालवायचं लांब दांड्याचं कोळपं, सोंगणीसाठी हातमोजे, कापूस वेचायची खांद्यावरची झोळी यांत नवं काही नाही. तरी पातीला बसलेल्या बायकांच्या हातात अजून खुरपंच दिसतं, कारण अवजार विकत घेण्याचा निर्णय ज्याच्या हाती असतो त्याचे गुडघे दुखत नसतात. बचत गटांनी अशी अवजारं मृगाच्या आधी घेऊन भाड्यानं फिरवली, आणि मजुरी ठरवताना उभ्यानं केलेल्या कोळपणीचा दर खुरपणीइतकाच धरला गेला, तर बायकांच्या गुडघ्यांना किती आराम मिळतो, याचा अंदाज येत्या हंगामातच गावच्या शिवारात घेता येईल.